आवाज मागून येतो

त्यांना सगळे उस्ताद म्हणत, कारण निम्म्या शहराला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती. हृदयाच्या ऑपरेशननंतर ते काम सुटलं आणि घरी बसणं नशिबी आलं. दुपारी ते आडवे झाले की बायको टीव्हीचा आवाज पार बंद करून मालिका बघत बसायची. विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला झोप लागू दे." उस्तादांना मात्र वाटायचं, ही मुक्याने राग काढतेय.

मुलीला ते बघवेना. तिने आईसाठी वायरलेस हेडफोन आणि टीव्हीला जोडायचा काडेपेटीएवढा ट्रान्समीटर आणून दिला. "बाबा, तुम्हीच लावा. तेवढाच विरंगुळा," म्हणाली आणि कामावर गेली.

उस्तादांनी टीव्ही पुढे ओढला, मागची धूळ पुसली, वायर खोचली. दोन्हीकडची बटणं दाबून धरली. दिवे लुकलुकत राहिले, पण जोडी काही जमेना. मग लक्षात आलं, सकाळी गाणी लावून बघितली होती, तेव्हापासून हेडफोन त्यांच्याच फोनला चिकटून बसला होता. फोनचं ब्लूटूथ बंद केलं, पुन्हा बटणं दाबली, तेव्हा कुठे दिवे स्थिर झाले.

"लागलं एकदाचं लग्न!" ते म्हणाले.

बायकोने हेडफोन कानावर चढवला. "वाढवा," म्हणाली. "अजून वाढवा." शेवटी समोर उभ्या असलेल्या उस्तादांनाही मालिकेतलं भांडण ऐकू यायला लागलं. तरी तिच्या कपाळावर आठी.

"हे बरोबर नाही. ती आधी बोलते, आवाज मागून येतो."

उस्तादांनी हेडफोन घातला आणि दचकून आधी आवाज कमी केला. बोलण्यात त्यांना काही वावगं दिसेना. मग नायकाने दार आपटलं, आणि दार लागल्यावर एक क्षण थांबून धाडकन आवाज आला. खरंच की! टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पुढेमागे करायची सोय सापडली, पण त्या सोयीने आवाज आणखीच उशिरा येई. लवकर काही येईना. हेडफोन बायकोच्या हातात देऊन त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"काका, ट्रान्समीटरमध्ये उशीर कमी करायची सोय आहे, पण ती हेडफोनमध्येही असावी लागते," दुकानदार म्हणाला. "दुसरा देतो, घेऊन या. पण काकूंची कमाल आहे हां. बोलण्यातला एवढासा उशीर सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांना ऐकायला कमी येतं ना, ते ओठांवर नजर ठेवून असतात, त्यांना लगेच कळतं."

उस्तादांनी फोन ठेवला. खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "अगं, बदलून देतोय तो."

उत्तर नाही. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तरी नाही. वळून बघितलं, तर हेडफोन तिच्या मांडीवर पडलेला आणि तिची नजर पडद्यावर. नायिकेबरोबर तिचेही ओठ किंचित हलत होते.

ते तिच्यासमोर येऊन बसले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?" तिने त्यांच्या डोळ्यांत नाही, तोंडाकडे बघितलं.

"ऐकू येत नाही ते."

तिने मांडीवरचा हेडफोन बाजूला ठेवला. "झाली असतील चार-पाच वर्षं. आधी वाटलं, कानात मळ असेल. मग तुमचं दुखणं निघालं. घरात एक आजारी पुरे होता. तिथे दवाखान्यात तर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी नुसती मान हलवायची."

उस्तादांना एकदम आठवलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि जन्मात न बोललेलं बोलून गेले होते. त्यावर ही म्हणाली होती, "अजून एक चादर देऊ का?" ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी बोलणं कामापुरतं ठेवलं होतं. शिकणाऱ्याशी रस्त्याकडे बघून बोलायची आयुष्यभराची सवय. घरीही ते असेच, दुसरीकडे बघत बोलायचे.

त्यांनी टीव्ही बंद केला, उजेडासाठी खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि ते सगळं पुन्हा सांगायला घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "मिशीमुळे ओठ दिसत नाहीत."

उस्तादांनी दोन बोटांनी मिशी वर धरली. "मी वाचलो नाही तर रडत बसू नकोस, असं म्हणालो होतो. आणि म्हणालो होतो, तू होतीस म्हणून माझा संसार झाला. नाहीतर मी कुठला माणसात यायला!"

तिने शेवटचा शब्द संपेपर्यंत पापणी हलू दिली नाही. मग म्हणाली, "हे तुम्ही भिंतीला सांगितलंत होय?" आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. उस्तादांनी तिला रडू दिलं.

पुढच्या आठवड्यात तिचे कान तपासले. डावा कामातून गेलेला, उजव्याला यंत्र बसलं. हेडफोन बदलून आणला. त्यात ओठ आणि आवाज बरोबर जुळतात. यंत्राने मात्र तिचा जीव मेटाकुटीला येतो. पंखा घरघरतो, भांडी अंगावर येतात. फोनवर मुलीचं बोलणं अजून नीट कळत नाही, कळेल याची खात्री डॉक्टरांनीही दिली नाही. कंटाळली की ती यंत्र काढून ठेवते.

उस्ताद अजूनही चुकतात. आतल्या खोलीतून हाक मारतात, वाट बघतात, मनातल्या मनात रागावतातही. मग भानावर येऊन सावकाश उठतात आणि ती असेल तिथे, तिच्यासमोर जाऊन उभे राहतात.