खडकतळ्यापर्यंत वाढलेली गाडी

बोरटेकच्या स्थानकावर सकाळची डेमू रिकामी उभी राहत असे, हे त्या गावाचे फार मोठे वैभव होते. शहरातून आलेली गाडी येथेच संपे. चालक या टोकाच्या डब्यातून उतरून त्या टोकाच्या डब्यात जाऊन बसे, आणि तेवढ्या अवधीत नोकरदार, भाजीवाल्या व कॉलेजातील मुलेमुली निवांतपणे चढून आपापल्या जागा घेत. कोणाची खिडकी कोणती, हेसुद्धा ठरून गेलेले होते.

सटवाजीच्या धाकट्या कन्येचे, कोमलचे, सारे आयुष्य या रिकामेपणाच्या आधारावर उभे होते. लहानपणी विहिरीच्या काठावरून पडल्यामुळे तिच्या मांडीच्या हाडात सळई घालावी लागली होती. चालण्यास ती हार जात नसे. परंतु फार वेळ उभे राहिले की पाय सुजून दगडासारखा होई. बापाच्या मेंढरांमागे माळरानावर फिरणे तिला शक्य नव्हते. पाय पाहून स्थळे परत जात होती. अशा स्थितीत शहरातील एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम तिला मिळाले. बसून करावयाचे काम आणि बसून जावयाची गाडी, या दोहोंची गाठ पडली म्हणूनच ती नोकरी टिकली होती. त्या दिवसापासून कोमलची मान ताठ झाली, हे सटवाजी आपल्या डोळ्यांनी पाहत होता.

ही गाडी पुढे खडकतळ्यापर्यंत न्यावी, अशी मागणी जेव्हा उठली तेव्हा त्या मागणीच्या अग्रभागी दुसरा कोणी नसून स्वतः सटवाजीच होता. याचे कारण असे की, त्याची थोरली मुलगी सीमा खडकतळ्यास दिलेली होती. तिचे सासरे लिंबाजी हे सटवाजीचे व्याही, आणि व्याह्याला त्या भागात इवाई म्हणतात. इवायाचा शब्द खाली पडू देणे म्हणजे लेकीच्या संसाराला धक्का लावणे, अशी सटवाजीची समजूत होती. लिंबाजी एके दिवशी ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "काहो इवाई, तुमाला बुडाखाली गाडी, अन् आमाला जीपच्या टपावर बसवता व्हय? सीमा तुमचीच लेक हाय न्हवं? तिला माहेरला यायला किती तकलीफ होऊन राहिली!"

आंदोलनाच्या दिवशी सटवाजीने आपली सगळी मेंढरे रुळावर आणून उभी केली. घोषणा देणाऱ्या माणसांना पोलिसांनी हटवले असते. मेंढरे कोणाचे ऐकणार? गाडी अडली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि त्यात सटवाजीपेक्षा एडका मोठा दिसत होता.

त्याची पत्नी शालूबाई मात्र त्याच सायंकाळी भाकरी थापता थापता म्हणाली होती, "अवो, आपल्याच लेकीची जागा लोकाला देऊन राहिले तुमी."

"जागा काय पळून जाती का? डबे वाढवतील की."

"कोण म्हणलं?"

"म्हणंल कोणीतरी."

तसे कोणीही म्हटले नाही. डबे होते तेवढेच राहिले, गाडी तेवढी लांबवर जाऊ लागली.

उद्घाटनाच्या दिवशी खडकतळ्याहून निघालेली पहिली गाडी झेंडूच्या माळा लेवून बोरटेकला येणार होती. सोयरे पहिल्यांदाच आपल्या दारावरून जाणार, तेव्हा त्यांना टॉवेल-टोपी केल्याशिवाय कसे सोडावयाचे? सटवाजी पांढरेशुभ्र धोतर नेसून, कुंकवाची कोयरी, टोप्या आणि नारळ असलेले ताट घेऊन फलाटावर सज्ज होता. पाठीमागे खांद्याला डब्याची पिशवी अडकवून कोमल उभी होती. हलगी कडाडत होती.

गाडी आली आणि बोरटेकच्या माणसांचे चेहरे उतरले. एकही खिडकी रिकामी नव्हती. डब्याच्या दारात माणसे इतकी दाटली होती की बाहेरच्यांनी पाय कोठे ठेवावा हा प्रश्नच होता. आतले कोणी कामाला निघालेले दिसत नव्हते. म्हाताऱ्या होत्या, कडेवरची लेकरे होती, नव्या साड्या होत्या. सगळे खडकतळे गाडीत बसण्याची हौस भागवण्यास निघाले होते.

लिंबाजी दारातच उभे होते. सटवाजी पुढे झाला. त्याने इवायाला कुंकू लावले, टोपी पुढे केली.

"आहो, कशाला, कशाला!" लिंबाजी रीतीप्रमाणे मागे सरले.

"असं कसं? घ्याच."

"न्हाई न्हाई, लई झालं."

"माझ्या गळ्याची आन हाय तुमाला."

"बा, जरा सरक," मागून कोमल म्हणाली. "मला चढू दे."

"थांब बाई, मान होऊ दे."

लिंबाजींना टोपी झाली, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने मान पुढे केली. त्यालाही नाही म्हणता येईना. भावाने पुन्हा रीतीप्रमाणे नको नको केले आणि पुन्हा आग्रह करावा लागला. नंतर लिंबाजींनी फोटो काढण्यास सांगितले. "इवाई, हिकडं बघा. नारळ वर धरा." सटवाजीने नारळ वर धरला, आणि त्याच क्षणी पायदान त्याच्यासमोरून सरकू लागले. भोंगा केव्हा वाजला, ते हलगीच्या आवाजात कोणास ऐकूच आले नव्हते. नवी टोपी घातलेले लिंबाजी हात हलवीत दूर गेले.

सटवाजी वळला. कोमल पिशवीसह फलाटावरच उभी होती.

"झाला का मान?" तिने विचारले.

त्या दिवशी ती जीप आणि बस करीत दुकानात पोहोचली तेव्हा दुकान केव्हाच उघडले होते. मालक ओरडला नाही. उद्या उशीर झाला तर येऊ नकोस, एवढेच त्याने सांगितले. तिच्या जागेवर दुसरी मुलगी त्याने पाहून ठेवली होती. सायंकाळी कोमलने हे घरात शांतपणे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सटवाजी स्वतः तिच्यासोबत निघाला. हलगी नव्हती, माळा सुकल्या होत्या, गर्दी मात्र काडीभरही उणावली नव्हती. आयुष्यभर मेंढरांच्या दाटीतून वाट काढणाऱ्या सटवाजीने खांदा घालून लेकीला डब्यात शिरवले. आत बाकांच्या मधोमध पोहोचल्यावर पाहतो तो काय, खिडकीशी लिंबाजी बसलेले! मांडीवर हरभऱ्याचे डहाळे होते आणि ते एकेक घाटा सोलून तोंडात टाकीत होते.

"इवाई! या, या. आता काय, रोजच भेट!"

"कुठं निघाले?"

"कुठं म्हंजे? जातो अन् येतो. कालबी गेल्तो. शहर काही खास न्हाई, पण गाडी झ्याक हाय."

कोमलने बाकाची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिचा ओठ दाताखाली होता. सटवाजीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोणीही उठण्याच्या विचारात नव्हते. इवायाला तर बाजेवरूनसुद्धा उठवीत नाहीत. तो बाजेवर बसला तर मुलीच्या बापाने खाली बसावयाचे असते. शिवाय सीमा याच माणसाच्या घरात नांदत होती. एका लेकीसाठी तोंड उघडावे तर दुसरीच्या वाट्याला बोलणी येणार.

"बा, राहू दे," कोमल हळू म्हणाली. "फुडल्या टेसनाला उतरू. सोडते मी दुकान."

"इवाई, उठा," सटवाजी म्हणाला.

लिंबाजींचा घाटा सोलणारा हात थांबला. "काय म्हणले?"

"उठा म्हणलं. लेकीला बसू द्या. तिला कामावर जायचं हाय, तुमाला न्हाई."

लिंबाजी डहाळे गोळा करून सावकाश उठले. अपमानाने त्यांची मान लाल झाली होती. "सीमाला सांगतो घरी जाऊन. तुझ्या बापानं भरल्या गाडीत उठवलं म्हणून."

"सांगा. बराबर सांगा."

परंतु हा संवाद चालू असतानाच, पाठीमागून रेटत आलेला एक धिप्पाड इसम त्या मोकळ्या जागेवर अलगद बसून मोकळा झाला! सटवाजी थक्क झाला. लिंबाजी तर पेटलेच.

"ए! उठ! ही जागा माझ्या सुनेच्या बहिणीची हाय."

"नाव लिवलंय का?"

"अरे, मी इवायासाठी उठलो, तुझ्यासाठी न्हाई! माझा अपमान झाला तो काय फुकट जाऊ देऊ?"

डब्यात हशा पिकला. इसम काही उठला नाही. फार बोंब झाली तेव्हा वीतभर सरकला. त्या वीतभर कडेवर कोमल कशीबशी टेकली, पाय मधल्या वाटेत लांब करून, आणि येणारा-जाणारा तो ओलांडून शिव्या देऊ लागला. दोघे व्याही मात्र गर्दीने एकमेकांवर असे दाबले गेले की नाकाला नाक लागावे. बोलणे तर तुटले होते. तोंड फिरवावे म्हटले तर मान हलवण्यास जागा नव्हती. शहर येईपर्यंत लिंबाजी सटवाजीच्या कपाळाकडे आणि सटवाजी लिंबाजींच्या मिशांकडे पाहत उभे राहिले.

कोमल वेळेवर पोहोचली. लंगडत लंगडत ती दुकानाच्या रस्त्याला लागली, आणि फलाटावरील एका बाकाच्या दोन टोकांना दोन व्याही परतीच्या गाडीची वाट पाहत बसले.

सटवाजीच आधी बोलला, "उद्याबी मी हेच म्हणणार हाय, इवाई. राग आला तर येऊ द्या."

"उद्या मी येणारच न्हाई."

"मग तुमच्या जागेवर कोण बसंल?"

"बसंल कोणीबी. खडकतळ्यात माणसं काय कमी हाईत?"

"तेच म्हणतो मी."

समोरच्या रुळावर एक लांब मालगाडी रिकाम्या वाघिणी घेऊन खडखडत निघून गेली. लिंबाजींनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि जोराने नाक शिंकरले.

"म्हंजे मलाच यावं लागंल," ते चिडून म्हणाले. "रोज सकाळी उठून पोरीसाठी खिडकी धरायची, अन् बोरटेक आलं की तुमच्याकडून अपमान करून घ्यायचा."

सटवाजी बाकावर थोडा जवळ सरकला.

"पण हरभरा काढणीला येस्तोवरच," लिंबाजींनी बोट उगारले. "मंग माझ्यानं व्हणार न्हाई. रान कोण बघंल?"

"मंग फुडं काय करायचं?"

"मला काय इचारता? गाडी तुमीच वाढवून आणली न्हवं!"