उडी माझी, थाट तिचा

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे आधी आपला जन्म सांगतात. मी आधी माझा मत्सर सांगते, कारण तो माझ्या जन्माइतकाच जुना आहे. मला माझी बहीण बघवत नाही.

आम्ही दोघी इंग्लंडमधल्या एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलो. दोघींचा रंग कबुतरासारखा राखाडी. त्या काळी एका गुप्तहेराच्या सिनेमांची मालिका जोरात चालली होती आणि नव्या सिनेमात त्याला मोटार हवी होती. सिनेमावाल्यांची रीत अशी, की पडद्यावर गाडी एक दिसली तरी पडद्यामागे दोन असतात. एक मिरवायची आणि एक आपटायची. आम्हा दोघींना एकाच नंबराची पाटी लावली. ती मिरवायची ठरली. माझ्या गाद्या उपटल्या, पोटात लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला आणि मला विल्फ टॅपसेलच्या हवाली केले.

विल्फ हा नायकाच्या जागी उड्या मारणारा माणूस. अंगात नायकाचा कोट, डोक्यावर नायकासारख्या केसांचा टोप. आम्ही दोघेही दुसऱ्याच्या नावाने राबणारे. विल्फला त्याचे काही वाटत नसे. माझा मात्र जळफळाट व्हायचा.

सिनेमातला मोठा प्रसंग म्हणजे केंटमधल्या एका कालव्यावरून उडी. सकाळची थंडी होती. विल्फने चहाचा पेला बाजूला ठेवला, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "नीट उतर गं बाई."

मी उडाले, मित्रांनो, आणि पलीकडच्या चिखलात दाणकन आपटले. पुढचा दांडा वाकला, डावा दिवा फुटला, विल्फच्या बाजूचे दार आत चेपले आणि अडकले. सगळे धावत आले. विल्फने आतून खांद्याचे धक्के देऊन देऊन ते दार उघडले आणि बाहेर येऊन चहा मागितला.

यानंतर काय झाले ते ऐका. मला दोरीने ओढून बाजूला काढले आणि माझ्या जागेवर तिला आणून उभे केले. एका मुलीने ब्रश घेऊन तिच्या अंगावर माझ्यासारखा चिखल रंगवला. माझा चिखलसुद्धा तिला! नायक तिच्यातून ऐटीत उतरला आणि त्याने केस सारखे केले. आधीच्या दृश्याशी पुढचे जुळते की नाही हे बघणारी एक बाई तिथे होती. ती म्हणाली, की हिचा दिवा फुटलाय, तर तिचाही फोडायला हवा. निर्मात्याने ते उडवून लावले. इतक्या देखण्या गाडीचा दिवा फोडवेना त्याला. तो म्हणाला, कोण बघतंय?

पुढे ती संग्रहालयात गेली. तिच्याभोवती मखमली दोर लागला. मी भंगारात निघाले होते, पण विल्फने मला मागून घेतले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. तिथे कोंबड्या माझ्या छतावर अंडी घालू लागल्या. दर नाताळात दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागे. घरातली सगळी मंडळी भरल्या पोटी तो पुन्हा पुन्हा बघत. मला खिडकीतून फक्त त्याचे संगीत ऐकू येई. स्वतःची उडी मी कधी पाहिलीच नव्हती.

विल्फ म्हातारा झाला. त्याची मुलगी हिलरी त्याला आपल्याजवळच्या लहानशा घरात न्यायचे म्हणत होती आणि त्या घराला शेड नव्हती. त्यातच संग्रहालयाचे पेंडलबरी नावाचे अधिकारी शेडमध्ये आले. नुसते उभे राहून राहून बहिणीचे उजवे दार गंजून गेले होते, आणि तसे दार आता कुठे मिळत नव्हते. माझे ठोकून सरळ करता आले असते. ते दार आणि बॉनेट त्यांना हवे होते. माझ्या उरलेल्या अंगाचे काय, हे त्यांनी सांगितले नाही. मी समजले. ज्या बहिणीने माझे नाव खाल्ले, ती आता मलाच खाणार होती.

"बाबा, देऊन टाका," हिलरी म्हणाली. "निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"आधी सिनेमा बघू," विल्फ म्हणाला. "मग सांगतो."

सिनेमाला पन्नास वर्षे झाली म्हणून संग्रहालयाच्या मोठ्या दालनात खेळ ठेवला होता. बहीण पडद्याशेजारी फुलांत उभी होती. मला मालट्रकवरून आणून चहाच्या टेबलांमागे ताडपत्रीखाली लावले होते. खेळ संपला की माझी मापे घ्यायची होती. हिलरीला काय वाटले कोण जाणे, तिने ताडपत्री वर सारली.

मी पहिल्यांदा सिनेमा पाहिला. खरे सांगू? बराचसा रटाळ आहे. नायक बोलतो फार. माणसे मात्र त्याच्या तोंडचे वाक्य त्याच्याआधी म्हणत होती. मग कालवा आला. मी पडद्यावर उडाले, आणि पापणी लवते न लवते तोच उतरलेही. ज्या उडीवर मी जन्मभर फुगून बसले, ती एवढीशी! लगेच ती दिसली, रंगवलेल्या चिखलात, धडधाकट डाव्या दिव्यासह. सगळे दालन एका सुरात ओरडले, "दिवा!" ही त्यांची जुनीच गंमत. दर वेळी त्या चुकीवर हसायचे.

विल्फ काठी टेकत उठला. हसणे थांबेपर्यंत थांबला.

"फुटका दिवा मागे आहे," तो म्हणाला. "चहाच्या टेबलांपाशी."

सगळ्यांनी माना वळवल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे पाठ करून लोकांनी माझ्याकडे पाहिले. पेंडलबरी घाईघाईने जवळ आले आणि दाराचे काय ठरले म्हणून हळूच विचारू लागले.

"त्या दारातून मी जिवंत बाहेर आलो," विल्फ म्हणाला. "ते कुणाला द्यायचं नाही. सरळही करायचं नाही."

सगळी माणसे माझ्याभोवती जमलेली पाहून पेंडलबरींनी मापाची फीत खिशात घातली. बहिणीला पत्र्याचे नवे दार करून घेतले, आणि मला तिच्याशेजारी जागा मिळाली, फुटक्या दिव्यासह, चेपलेल्या दारासह.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर पुसा, पण तिचा पोचा घालवण्याआधी तो कसा पडला ते कुणाला तरी विचारा.

माझा मत्सर गेला, असे मात्र समजू नका. झाडणारा माणूस अजूनही आधी तिला पुसतो. पण दर शनिवारी हिलरी विल्फला घेऊन येते. तो मखमली दोर ओलांडतो, हिसका देऊन माझे दार उघडतो आणि आत बसून राहतो. बहीण शेजारून बघत असते. तिच्यात बसायला कुणी येत नाही. तिचा नायक तर कधीच आला नाही.

तेव्हा मला तिचे वाईट वाटते. अगदी थोडेसेच.