आधी जा

उषाने आपलं पवित्र शास्त्र टेबलावर उघडून जयंत साळवेकडे वळवलं आणि पानावरच्या लाल गोलांवरून बोट फिरवलं.

“सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. उतारा रोज वाचला, एकदा मोठ्यानेही वाचला. कोण बोलतंय, कुणाशी, त्याआधी काय घडलंय, ते पाहिलं. मग क्रियापदांभोवती गोल केले.” ती किंचित हसली. “यात तर सगळी क्रियापदंच आहेत.”

जयंतने चष्मा चढवला. मत्तयाचा पाचवा अध्याय. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला तिथे उभ्या उभ्या आठवतं, की आपल्यामुळे आपला एक भाऊ दुखावलेला आहे. पुढचे गोल त्याने न वाचताही ओळखले. ठेव. जा. समेट कर. मग ये.

“हा उतारा मी दिला नव्हता,” तो म्हणाला.

“नाही. तुम्ही दिलेला संपला म्हणून पुढचा घेतला. एकटीनं जमतंय का ते बघायचं होतं.”

कारखान्याच्या वसाहतीतल्या चर्चमध्ये रविवारची उपासना हिंदीतून होत असे. म्हणून नगर-नाशिककडून बदलून आलेली मराठी कुटुंबं शनिवारी दुपारी जयंतच्या क्वार्टरमध्ये जमत. आपल्या भाषेत प्रार्थना होई, दोन गीतं होत, आणि मग जयंत एकट्याने शास्त्राभ्यास कसा करावा ते शिकवी. एक शब्द आणखी कुठे कुठे आला आहे ते कसं शोधायचं, मराठी आणि हिंदी भाषांतरं शेजारी ठेवली की काय दिसतं, उताऱ्यातल्या प्रत्येक माणसाच्या जागी स्वतः उभं राहून कसं पाहायचं. शेवटचा प्रश्न कायम ठरलेला: आता मी काय करायचं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा त्याचा दंडक होता. साळवेसर खोलात नेतात, असं लोक म्हणत. उषा त्यांच्यात सगळ्यांत नवी. नवऱ्याबरोबर नुकतीच आलेली. आज ती इतरांच्या आधीच येऊन बसली होती.

“मग शेवटच्या प्रश्नाचं काय केलंस?” त्याने विचारलं. विचारायला नको होतं, हे विचारल्यावर कळलं.

“जाऊबाईंना फोन केला. लग्नापासून आमचं बोलणं नव्हतं. चूक माझी होती.” उषाने पुस्तक स्वतःकडे ओढलं. “त्या फार काही बोलल्या नाहीत. पण फोन ठेवलाही नाही.” मग सहज, शिकणारा शिकवणाऱ्याला विचारतो तसं तिने विचारलं, “तुम्ही काय केलं होतं सर? हा उतारा पहिल्यांदा अभ्यासलात तेव्हा?”

जयंतने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मग पुन्हा पुसला.

या दोन वचनांवर त्याने जितका अभ्यास केला होता तितका दुसऱ्या कशावरच केला नव्हता. ‘समेट’ या शब्दामागचा मूळ शब्द त्याला ठाऊक होता. गालीलातल्या माणसाला दूरच्या मंदिरात अर्पण टाकून घरी जायचं म्हणजे किती दिवसांची वाट, हेही ठाऊक होतं. ज्याच्याकडे त्याने जायला हवं होतं, त्याच्या अवधपुरीतल्या घराची वाट मात्र क्वार्टरपासून स्कूटरवर चहा निवेपर्यंतची होती.

“माझं काम राहिलंय एक,” तो म्हणाला. “सगळे आले की गीतं सुरू करा. शास्त्रपाठ आज तू घे.”

“मी?”

“हाच घे.”

तो बाहेर पडला. स्वयंपाकघरातून बायकोने, निर्मलाने, कुठे निघालात म्हणून विचारलं, तोवर त्याने स्कूटर सुरू केली होती. निर्मलालाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

तो नुकता कारखान्यातल्या एका शॉपचा इंजिनिअर झाला होता तेव्हाची गोष्ट. अशोक भिंगारदिवे त्याच्या हाताखाली चार्जमन, कामगारांच्या तुकडीचा प्रमुख. वयाने मोठा, नगरचाच, शॉपमध्ये ‘साहेब’ म्हणणारा आणि प्रार्थनेला ‘जयंता’. त्या दिवशी अशोकदादाने क्रेनचा तारेचा दोर हातात धरून दाखवला होता. झिजलाय, दुसरा मागवू. शिफ्ट संपत आली होती आणि वरून तगादा चालला होता. “एवढा एकच उचला,” जयंत म्हणाला होता. दोर तुटला आणि मोटरचा सांगाडा गोपीनाथ नावाच्या कामगाराच्या पायावर आला. चौकशीत जयंतला विचारलं, दोराबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं होतं का. “नाही,” तो म्हणाला. एकच शब्द. अशोकदादा समोरच बसला होता. त्याने वर पाहिलं. दोष त्याच्या माथी बसला, बढती कायमची थांबली, आणि पुढच्या रविवारपासून त्याने आणि त्याच्या बायकोने चर्चला येणं सोडलं.

अवधपुरीतल्या त्या घराचं फाटक उघडंच होतं. अशोक भिंगारदिवे व्हरांड्यात खुर्चीत बसला होता, निवृत्तीनंतर अंगाने उतरलेला. मांडीवर शास्त्र, त्यात ठिकठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या. जयंतला पाहून तो उठला नाही. शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र तेवढं उचललं.

“बस.”

जयंत बसला. वाटेत जुळवलेलं वाक्य सापडेना.

“अशोकदादा, मी पाचवा अध्याय…”

“मला वाटलंच,” अशोक म्हणाला. “अठरावा वाचलास का त्याला लावून?”

“वाचलाय.”

“मग सांग. काय म्हटलंय?”

“भावाने तुझा अपराध केला असेल तर तू त्याच्याकडे जा. एकांतात त्याला त्याचा अपराध दाखव.”

“हां. पाचव्यात अपराध करणाऱ्याला ‘जा’ म्हटलंय. अठराव्यात, ज्याचा अपराध झाला त्याला. एकट्याने वाचायला लागलो तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.” त्याने पुस्तक मिटलं. “दोघांनी ऐकलं असतं तर वाटेतच कुठे तरी गाठ पडली असती आपली. मी उठलो नाही, जयंता. तू येशील म्हणून बसून राहिलो. आपण खरे आहोत हे एकट्यालाच माहीत असण्यातही एक सुख असतं. ते सोडवेना.”

शिव्या खायच्या तयारीने जयंत आला होता. हे ऐकायची तयारी नव्हती.

“तू बोलू शकला असतास चौकशीत,” तो म्हणाला.

“कोण ऐकणार होतं? साहेबाच्या शब्दापुढे?” अशोकच्या आवाजात राग नव्हता. “माझं सोड. माझं मी वाचून वाचून निस्तरलं. तुला जे सांगायचंय ते मला नको सांगू, मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही.”

“वहिनींना?”

“नवऱ्याच्या हातून घडलं असं समजून ती गोपीनाथच्या घरी जायची. त्याची ड्रेसिंगं केली, त्याच्या आईच्या शिव्या खाल्ल्या. मी एकदा सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, दुसऱ्यावर ढकलू नका.” त्याने दाराकडे हात केला. “आत आहे. जा.”

जयंत उठला. चपला बाहेर काढाव्यात की नाही हे त्याला क्षणभर कळेना. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो थांबला. रत्नप्रभावहिनी ओट्याशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. कधीकाळी चर्चमध्ये त्यांच्या आवाजावर सगळी मंडळी सूर धरायची. कढईत काही तरी तडतडत होतं.

“वहिनी.”

त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा कढईकडे वळल्या. “चहा ठेवते. बाहेर बसा.”

“चहा नको. अशोकदादाने मला सांगितलं होतं. दोर झिजलाय म्हणून. उचला असं मी म्हणालो.” पुढचं वाक्य जास्त अवघड होतं. “आणि चौकशीत मी खोटं बोललो.”

उलथणं थांबलं. त्या रडतील, किंवा जा म्हणतील, असं जयंतला वाटलं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. त्यांनी गॅस बंद केला. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, कढईवर झाकण ठेवलं.

“गोपीनाथची आई गेली,” त्या म्हणाल्या. “तिला नाही आता सांगता येणार.”

“हो.”

“तो असतो करोंदला, मंडीच्या मागे. घर तुम्हाला सापडायचं नाही.”

त्या जयंतच्या शेजारून बाहेर आल्या, नवऱ्याकडे न पाहता व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या आणि चपलांचे पट्टे लावू लागल्या.