तळ्याकाठची मऊ खिचडी

मित्रांनो, मी एक जुना, दोन लिटरचा प्रेशर कुकर आहे. माझ्या बुडाला पोचा आला आहे आणि माझा दांडा एकदा बदललेला आहे. असल्या भांड्याने स्वयंपाकघराबाहेरचे काय पाहिले असेल, असे तुम्हाला वाटेल. पण मी बुऱ्हाणपूरहून निघून उंच डोंगरांतली तळी पाहून आलो आहे.

शारदाबाईंनी मला बाजारातून आणले, तेव्हा त्यांचा संसार दोघांचाच होता. गजाननराव शाळेत गणित शिकवत. पुढे मृणाल झाली, मग गौरव. दोघांचा पहिला मऊ भात माझ्यातच शिजला. मुले मोठी झाली, मी पुरेनासा झालो. पाच लिटरचा नवा कुकर आला आणि मला माळ्यावर ठेवण्यात आले. तिथे बारा वर्षे मी कोणाच्या लक्षातही नव्हतो.

मागच्या वर्षी गजाननरावांच्या पोटाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी मऊ, ताजे अन्न खायला सांगितले. शारदाबाईंनी मला खाली काढले, चिंचेने घासले आणि नवे रबर बसवले. तेव्हापासून गजाननरावांची मुगाची खिचडी माझ्यात होऊ लागली. मुले इंदूरला होती, मृणाल नोकरीत आणि गौरव कॉलेजात. ऑपरेशन किरकोळ होते, एवढेच त्यांना सांगितले होते. सुटीत मुले घरी आली की गजाननराव सगळ्यांबरोबर पोळी-भाजी खात आणि पुढचे दोन दिवस पोट धरून काढत.

यंदा मृणालने बेत आखला. चौघांनी आपापले सामान पाठीवर घ्यायचे, तंबूत राहायचे आणि चार दिवसांत डोंगरातली तीन तळी पाहायची. निघण्याच्या आदल्या दिवशी ती एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवत होती. माझी पाळी आली.

"आई, हा कशाला? बेकार में ओझं. पाकिटातला भात गरम पाण्यात होतो ना."

 मृणाल आत गेल्यावर शारदाबाईंनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि आपल्या बॅगेच्या तळाशी ठेवले.

पहिल्या तळ्यावर पोचलो तेव्हा सगळे खुशीत होते. शारदाबाईंचा हात बॅगेत माझ्यापर्यंत आला. तेवढ्यात गजाननराव हळूच म्हणाले, "नको शारदा. पोरीनं एवढ्या हौशीनं आणलंय." हात मागे गेला. गजाननरावांनी पाकिटातला भात खाल्ला. तो आत कच्चाच राहिला होता. तरी ते म्हणाले, "मस्त झालाय बेटा."

दुसऱ्या दिवशी चढावर ते एका दगडाशी थांबले आणि वाकून बसले.

"पप्पा, क्या हुआ?" गौरवने विचारले.

"काही नाही रे. दम लागला."

शारदाबाईंनी बॅग खाली टेकवली आणि मला बाहेर काढले. मृणाल बघतच राहिली.

"तू आणलाच शेवटी? मी नाही म्हटलं होतं ना?"

"वर्षभर तुझ्या पप्पांचं जेवण यातच होतंय," शारदाबाई म्हणाल्या. "दुसरं काही पचत नाही त्यांना."

मृणाल वडिलांकडे वळली. "आणि मला सांगितलं नाही?"

गजाननरावांनी मान खाली घातली. "तू नवीन नोकरीत, याची परीक्षा. म्हटलं, कशाला तुमच्या जिवाला घोर?"

गौरवने छोटा गॅस काढला आणि वाऱ्याच्या आड दगड रचले. शारदाबाईंनी पुरचुंडीतले तांदूळ नि मुगाची डाळ धुऊन माझ्यात घातली. मृणाल माझ्यासमोर उकिडवी बसली.

"पाणी किती, आई?"

"चौपट घाल. नि शिट्ट्या दोन जास्त दे. इथं शिजायला वेळ लागतो."

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ वेळा शिजवले, पण त्या दिवशीइतक्या जिवाच्या आकांताने कधी वाफ धरली नव्हती. गजाननरावांनी सावकाश एक ताटली खिचडी खाल्ली. तासाभराने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"आता तुम्ही दोघं पुढं जाऊन या," ते म्हणाले. "मी नि आई इथं बसतो."

"दुसरं तळं जवळच आहे, तिथपर्यंत आरामात जाऊ," मृणाल म्हणाली. "नाही जमलं तर इथूनच परत. पण चौघंही."

तिने मला उचलून स्वतःच्या बॅगेत ठेवले. गौरवने वडिलांची बॅग आपल्या छातीशी अडकवली. दर दहा पावलांवर थांबत, पाणी पीत, ते चौघे ऊन कलताना तळ्याकाठी पोचले. मृणालने मला पाण्यापासून दूर नेऊन मातीने घासले, म्हणजे तळ्यात खरकटे जाणार नाही. गजाननराव तिच्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी ऑपरेशनची सगळी हकिकत सांगितली, अगदी भीती वाटली होती तीसुद्धा. ती घासत होती आणि ऐकत होती. मी केव्हाच लख्ख झालो होतो, तरी तिचा हात थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. तिसरे तळे राहिले. त्याबद्दल कोणी हळहळल्याचे मी ऐकले नाही.

मित्रांनो, भांड्यांची काळजी घ्या. माझे रबर वेळेवर बदलले, शिट्टी साफ ठेवली, की मी पुष्कळ वर्षे टिकतो. पण माझे दुखणे सहज कळते, मी फुसफुसतो, गळतो. माणसे तसे करत नाहीत. तुमच्या घरातले कोणी "मला काही नाही झालं" म्हणाले, तर लगेच उठून जाऊ नका. जवळ बसा आणि अजून एकदा विचारा.