अँटेनाची चौथी खुंटी

आबासाहेबांनी एका शब्दात हो म्हटलं, तिथंच मला वास आला.

आबासाहेब म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ. आमची दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. या माणसानं उभ्या जन्मात कशाला एका शब्दात हो म्हटलेलं नाही. स्वतःच्या लेकीच्या लग्नात जावयाला टोपी घालायची, तर ती हातात धरून आधी चार जणांना विचारून आले. आणि आमच्या रंगनाथानं गडग्यावरून विचारलं, "आबाकाका, टीव्हीच्या अँटेनाची एक खुंटी तुमच्या अंगनात मारावी लागंल, चालंल का?" तर हे म्हणतात, "मार की. चांगली खोल मार."

खोल मार! मी शेण थापत होते, हात तसाच राहिला.

रंगनाथ माझा एकुलता एक मुलगा. त्या साली कांद्याला बरा भाव लागला. कांदा घालायला हा पुण्याला गेला आणि तिथं कुणाच्या तरी घरी टीव्ही बघून आला. सिंहगडावर मनोरा उभा केलाय, त्यावरून चित्रं हवेत सोडतात, आपलं गाव सुप्याच्या वरच्या माळावर उंचावर आहे, आपल्याकडंही ती येतील, फक्त अँटेना बघून घ्यायला पाहिजे, असं सगळं एका दमात सांगत तो दारातून आत आला. पायातल्या वहाणासुद्धा काढल्या नव्हत्या.

"चित्रांचं पैसं कोन घेतं?" मी विचारलं.

"कोनी न्हाई आये. पोस्टात लायसन काढायचं, झालं. बाकी समदं हवेतनं फुकट."

"आपल्या हिरीचं पानी फुकट वर येत न्हाई, आन् पुन्याची चित्रं फुकट येत्यात व्हय? मंग सोडनाऱ्याची चूल कशावर पेटती?"

"सरकारचं आहे ते, आत्याबाई," सून म्हणाली. विजयमाला नगरच्या पेठेत वाढलेली, तिला शहरातलं सगळं ठाऊक असतं.

"सरकारचं हाय, मंग तर नीट बघूनच घ्यायला पाहिजे."

पण खरी गोष्ट टीव्हीची नव्हती, मागच्या जागेची होती. आमच्या मागच्या भिंतीपासून आबासाहेबांच्या गोठ्यापर्यंत एक मोकळी पट्टी आहे. सासऱ्यांनी वाटण्या केल्या तेव्हा ती आम्हाला दिली, पण तोंडी दिली. तेव्हापासून आबासाहेबांचा तिच्यावर डोळा. एकदा कडब्याच्या पेंढ्या आणून टाकल्या, म्हणे दोन दिवसांपुरत्या. मी त्या स्वतः उचलून त्यांच्या दारात नेऊन रचल्या. एकदा म्हैस बांधली. म्हशीचं दावं मी कापलं. आमच्याकडं खुंटी नुसती खुंटी नसते. आज खुंटी, उद्या तिला जनावर, परवा वर पत्रा, आणि मग तलाठ्यापुढं उभं राहून म्हणायचं, आमची वहिवाट हाय साहेब, पोरंबाळं बी सांगतील.

आणि त्या जागेवर मला माझ्या कडूसाठी खोली बांधायची होती. कडू माझी थोरली लेक. हिच्या आधीची दोन गेली, म्हणून नाव कडूबाई ठेवलं. नाव ठेवून पोर जगली, पण नशीब काही गोड झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला माझ्या दारात सोडून गेला. भाऊ चांगला आहे, भावजयही वाईट नाही; पण मी आहे तोवर. माझ्यामागं नणंदेच्या ताटात कोण काय वाढील, त्याची खात्री मी देत नाही. म्हणून खोली. स्वतःचं दार, स्वतःची चूल. दगड आणून टाकले होते, दाराची चौकट सुताराकडं सांगून झाली होती. तेवढ्यात हा टीव्ही आला.

नगरहून गोरक्ष नावाचा रेडिओवाला अँटेना घेऊन आला. दोन आणले होते. एक आखूड, चार काड्यांचा. दुसरा लांबलचक, माशाच्या काट्यासारखा, आणि त्याच्याबरोबर उंच उभा करायला एकात एक बसणारे लोखंडी पाइप. टेम्पोतून सगळं उतरवताना अर्धा गाव गोळा झाला.

आधी आखूडवाला बसवून बघितला. धाब्यावर चढायच्या आधी मी गोरक्षला थांबवलं.

"धाब्याला भोक पाडलंस तर पावसाळ्यात तुला इथं टोपलं घिऊन बशिवीन, सांगून ठेवते."

"न्हाई आजी, नुसता टेकवतो."

टेकवला. खाली डबा सुरू केला. आत पांढऱ्या मुंग्या, मुंग्यांचा नुसता पूर. मधूनच एक माणूस दिसायचा, गळ्यापासून खाली नाही. विजयमाला म्हणाली, "बातम्या आहेत." मी म्हटलं, असेल, मुंडकं बोलतंय एवढं तर मलाही दिसतंय.

मग ठरलं की लांबवालाच घ्यायचा, उंच पाइपावर. पाइप धाब्यावर पेलणार नाही, जमिनीतच रोवायला लागेल. वारा लागून पडू नये म्हणून चार बाजूंनी तारेचे ताण. चार तारा, चार खुंट्या. आणि जागा? मागच्या भिंतीला लागून. तीन खुंट्या आमच्यात आणि चौथी पट्टी ओलांडून आबासाहेबांच्या अंगणात.

त्यावर आबासाहेबांचं ते "चांगली खोल मार."

मी त्यांच्याकडं गेले. कधी जात नाही, पण गेले. ते बाजेवर बसून पान लावत होते.

"भावजी, आज लई दिलदार झालात."

"वैनी, मला कुस्त्या बघायच्यात. दावत्यात म्हनं कुस्त्या."

"आन् कुस्त्यांसाठी अंगन देताय?"

"खुंटी देतोय, अंगन कुठं? तुमच्या घरात चहा तेवढा पाजा."

हसले. या माणसाचं हसणं मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. मी चहा न घेताच परत आले.

माझ्या डोक्यात एकच हिशेब. माझी खुंटी त्यांच्यात गेली तर जागा माझी वाढते, त्यांची कमी होते. मग हा माणूस खूश का? कुठंतरी मेख आहे, ती मला दिसत नाही.

ती दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी. तार ओढण्याआधी माप घ्यायचं म्हणून गोरक्षनं पाइप उभा धरायला दोघं लावले, टोकाला सुतळी बांधली आणि सुतळी घेऊन तो आबासाहेबांच्या अंगणात गेला. सुतळी ताणली. मी पट्टीत उभी होते. वरून खाली तिरपी येत येत ती माझ्या डोक्यावरून गेली, अगदी हात वर केला तर बोटाला लागेल अशी. आणि जिथं लागली ती जागा म्हणजे कडूच्या खोलीचं दार.

तिथंच सगळं कळलं. खुंटी त्यांच्यात असो नाहीतर आमच्यात, तार पट्टीवरून जाणार. तारेखाली भिंत उभी राहत नाही, धाबं पडत नाही. जागा माझी राहील आणि तिच्यावर एक दगड चढणार नाही. न भांडता, न कडबा टाकता!

"सोड रे ती सुतळी," मी ओरडले. गोरक्षनं घाबरून सोडली.

"काय झालं आजी?"

"खांब पुढच्या अंगनात का न्हाई लावायचा? पुढं जागा न्हाई का?"

"हाय की. पुढं लावला तर चारी खुंट्या तुमच्याच अंगनात बसत्यात. चित्र बी तेवढंच येतं. पर मला मागंच लावायला सांगितलं."

"आबासाहेबानं?"

"न्हाई, ते कवा बोलले माझ्याशी? तुमच्या घरातल्याच बाईनं. काल च्या द्यायला आल्या, तवा."

घरात बायका तीन. मी, सून आणि कडू. मी सांगितलेलं नाही. कडू कशाला सांगेल? राहिली कोण?

मी आत गेले. विजयमाला भाकरी थापत होती.

"आबासाहेबानं काय कबूल केलं तुला?"

"काय?"

"नणंदंची खोली हुऊ नये म्हनून खांब मागं नेलास. चुलतसासऱ्याशी कवापासनं संधान बांधलंस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, परतलीसुद्धा, आणि मग बोलली. या पोरीचं हेच मला आवडत नाही. चिडली तरी भाकरी करपू देत नाही.

"आत्याबाई, वन्संची खोली झाली तर माझ्या स्वैपाकघरातली एक चूल सुटेल. मी कशाला आड येऊ? मला तर वाटत होतं, पावसाळ्याच्या आधीच व्हावी."

"म्हंजी तुला ती घरातनं जायलाच पाहिजे!"

"हो म्हटलं तरी माझीच चूक, नाही म्हटलं तरी माझीच. भाजी झाकून ठेवलीय, जेवून घ्या."

मी तोंड उघडणार तेवढ्यात पडवीतून कडूच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला. ती दारात येऊन उभी राहिली. गळ्यात टेप होता.

"तिला कशाला बोलती आये? म्या सांगितलं गोरक्षला."

मला आधी वाटलं, भावजयीला वाचवायला बघतेय.

"तू? कुनी शिकवलं तुला? आबासाहेबानं?"

"आबाकाकांचं काय त्यात! मला म्हाईत हुतं, मागं खांब लावला की तार जाती. तार गेली की खोली बांधायची ऱ्हाऊन जाती."

"आगं, तुज्यासाठीच तर चाललंय माजं समदं! म्हशीचं दावं कापलं म्या त्या जागंपायी."

"मला ती जागाच नको."

तिचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"त्या खोलीला दार कुठं निघालं असतं, सांग. गोठ्याकडं. खिडकी? ती बी गोठ्याकडं. कोनाला कापड शिवून घ्यायचं असलं तर तुज्या माजघरातनं, सैपाकघरातनं, शेनाच्या ढिगाला वळसा घालून यायचं. कोन येईल? नवऱ्यानं मला टाकली, आन् तू मला घराच्या मागं ठिवतीस."

तवा चुलीवरच होता. विजयमालानं तो हळूच खाली उतरवला.

"मला आधी का न्हाई सांगितलंस?" मी म्हटलं.

"तुला? तू चौकट सांगून आलीस, मंग मला सांगितलंस."

म्हणायला होतं माझ्याकडं, पण मशीनवर अर्धा शिवलेला झंपर पडला होता, तिकडं माझं लक्ष गेलं. दुष्काळात खडी फोडून तिनं ते मशीन घेतलं. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. मी देत होते, तरी नाही. आता सुप्याच्या बाजाराला जाणाऱ्या बायका जाता जाता कापड टाकतात आणि येता येता शिवलेलं घेऊन जातात. रस्त्यावरून मशीन दिसतं म्हणून थांबतात. ते मी रोज बघत होते. माझी बाज त्याच पडवीत असते, मशीनच्या शेजारी. तिथून मला रस्ता दिसतो, आबासाहेबांकडं कोण आलं-गेलं ते दिसतं, सून कुणाशी बोलते ते दिसतं. गावात काय घडतंय ते मला त्या बाजेवरून कळतं.

"मंग पाहिजे काय तुला?" मी विचारलं.

"पडवी."

"पडवी समद्यांची हाय."

"तुजी हाय. तू बसती म्हनून बायका आत येत न्हाईत. बाहेरूनच कापड देत्यात आन् मापाला जुना झंपर आनत्यात. तुज्यासमोर माप द्यायला लाजत्यात."

आता हे खोटं, असं मी म्हणणार होते. पण विजयमाला खाली बघून ओठ दाबत होती, म्हणजे खरं असावं.

मी बाहेर आले. रंगनाथ आणि गोरक्ष खांबाजवळ उभे होते, दोघांनीही सगळं ऐकलेलं. गडग्यापलीकडं आबासाहेब कुदळ घेऊन तयार.

"आये, पुढं लावू का मंग?" रंगनाथ म्हणाला.

पुढं लावायचा तर तारा अंगणात येणार. पडवीपुढंच एक खुंटी बसणार आणि कापड घेऊन येणाऱ्या बायका तिला अडखळणार.

"मागंच लाव," मी म्हटलं. "पर चौथी खुंटी गडग्याच्या अलीकडं. आपल्याच जागंत."

"आजी, मंग ताण लई उभा पडतो, वाऱ्यात खांब हलंल," गोरक्ष म्हणाला.

"मंग जाड तार लाव. काय व्हायचं ते आमच्या जागंत हुंदे."

आबासाहेबांनी कुदळ खाली ठेवली. "वैनी, म्या कुठं नको म्हनलं हुतं?"

"म्हनूनच."

ते परत बाजेकडं वळले. त्यांना नुसत्या कुस्त्याच बघायच्या असतील, तर देव त्यांचं भलं करो. मला अजून पटलेलं नाही.

खांब उभा राहिला तोवर ऊन कलायला आलं होतं. गोरक्ष धाब्यावर बसून अँटेना पुण्याकडं फिरवत होता आणि रंगनाथ आतून ओरडत होता, आलं, गेलं, आलं, थांब, थांब! विजयमालानं टीव्हीसाठी पडवीतला कोनाडा आधीच सारवून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा, ही हौस.

"टीव्ही माजघरात," मी सांगितलं.

"माजघरात? तिथं कोणाला दिसणार, आत्याबाई?"

"ज्याला बघायचाय त्यो आत यील. आन् येताना पडवीतनं यील, तवा कडूचं काम बी बघंल."

मग मी माझ्या बाजेची एक बाजू धरली आणि सुनेला म्हटलं, दुसरी धर. ती गडबडली.

"ही कुठं न्यायची?"

"माजघरात. टीव्हीपुढं."

"तिथं झोपणार तुम्ही? चित्रांच्या समोर?"

"मंग! हवेतनं माझ्या घरात कोन कोन शिरतंय, ते बघायला नको कुनी? उचल."

दारातून निघताना बाज अडकली, तिरकी केली तेव्हा गेली. कडू मशीन मोकळ्या झालेल्या कोपऱ्याकडं सरकवत होती. तिनं मदतीला हात पुढं केला. मी म्हटलं, "तू तुजं बघ."