अतिदक्षता नावाची पट्टी

मी ‘अतिदक्षता’ बोलतेय. घाबरू नका, आमच्या घरी कुणी आजारी नाही. मी हा शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची एक पट्टी. शर्टाच्या खोक्यातून मला घरच्या शिंप्याने कापलं, आणि त्याच्या कात्रीला धार असल्यामुळे मी फार देखणी निघाले.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी पिळते. हात सोलून निघालेत बिचारीचे. वॉर्डात चादरी पोहोचवायचं काम मिळालं तर ती तिथून सुटणार होती. पण त्यासाठी दारांवरच्या पाट्या वाचता यायला हव्यात, आणि तिची शाळा दुसरीतच सुटलेली. मोठ्या सिस्टर शुक्रवारी परीक्षा घेणार होत्या. म्हणून एकेका पाटीवरचा शब्द अंगावर घेऊन आम्ही बारा बहिणी जन्माला आलो. सगळ्यांत अवघड मी, आणि त्याचा मला भारीच तोरा.

दुसऱ्याच दिवशी बाई मला बघताक्षणी ओळखू लागली. मी हवेत! मग शिंप्याने माझ्या कोपऱ्यातला तेलाचा डाग अंगठ्याने झाकला, तर बाईला मी ओळखूच येईना. ती मला नव्हे, डागाला ओळखत होती. शिंप्याने तो कोपराच कापून टाकला.

गुरुवारी तिने सुट्टी काढली आणि सकाळपासून घोकंपट्टी सुरू झाली. विसाव्या खेपेपर्यंत ठीक होतं. पन्नासाव्या खेपेला मी तिला ‘प्रसूती’ वाटले, साठाव्या खेपेला तिने स्वतःच्या आईचं नाव सांगितलं. मला हसू आवरेना.

"अहो, अक्षरं नाचायला लागलीत."

"अगं, परीक्षा उद्यावर आलीय."

"येऊ दे. मी झोपते."

भर दुपारी ती चादर ओढून घोरू लागली. शिंप्याचा जीव टांगणीला, पण तिला उठवायची छाती नव्हती.

संध्याकाळी ती उठली, चहा प्यायली आणि तिने सहज मला उचललं. "अतिदक्षता." मग धडाधड बाराही जणी! सकाळचं सगळं झोपेत मुरलं असावं.

शुक्रवारी मी तिच्या ॲप्रनच्या खिशात होते. सिस्टर एका दारापाशी थांबल्या. "हे वाच." बाईची नजर पाटीवरून हळूहळू खाली उतरत गेली. मी आतून जीव तोडून ओरडत होते, पण पुठ्ठ्याला आवाज कुठला?

"अतिदक्षता," बाई म्हणाली. "आणि खाली बारीक लिहिलंय, चपला बाहेर काढा. सिस्टर, तुमच्या पायात आहेत."

ते वाक्य आमच्या बारा जणींपैकी कुणावरच नव्हतं.

सोमवारपासून ती वॉर्डात चादरी नेते. आम्ही शिलाई मशीनच्या खणात लोळतो. ती आम्हांला हातही लावत नाही आणि मला त्याचा इतका आनंद होतो, काय सांगू! एकच विनंती, कुणाला शिकवत असाल आणि उत्तरं चुकू लागली, तर त्याला आधी झोपू द्या. येते मी, मलाही जरा पडायचंय.