रंजीताचं उत्तर

तलावात बुडवून बाप्तिस्मा द्यायला कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या पास्टर एलियांचे ओठ बिरजू टक लावून पाहत होता.

"रंजीता, हे तू आपल्या मनानं करून राह्यली काय?" पास्टरांनी सावकाश विचारलं.

बिरजूने प्रश्न टिपला आणि आपल्याशेजारी काठाशी उभ्या रंजीतासमोर हातांनी मांडला. बोट तिच्या छातीकडे, मग पाण्याकडे, मग उताणे तळवे.

मूल गावच्या राइस मिलमध्ये त्याची तीस वर्षं गेली होती. यंत्रांच्या धडधडीत तिथे सगळे हातांनीच बोलायचे. मिल सुटली तेव्हा कानही जवळजवळ गेले होते. चर्चच्या मंडळीत तो दर रविवारी शास्त्रवाचन करी; पण गेल्या वर्षी पास्टरांची प्रार्थना चालू असतानाच तो मोठ्याने वाचू लागला आणि मागच्या रांगेत हसू फुटलं. त्यानंतर तो दाराशी बसायचा आणि उपासना संपायच्या आधीच घरी निघायचा. ज्याला ऐकूच येत नाही, त्याचं इथे काय काम, असं त्याला वाटे.

उन्हाळ्यात मंडळीतल्या गिरजाबाईच्या मुलाचं, मिथुनचं लग्न झालं आणि त्याची बायको रंजीता मंडळीत आली. जन्माची बहिरी, शाळेचं तोंड न पाहिलेली. एका रविवारी तिला घामाघूम झालेली पाहून बिरजूने सवयीने मिलमधली खूण केली: पाणी हवं? तिने पटकन मान डोलावली आणि हातांनीच आणखी काहीतरी विचारलं. पुढे दर रविवारी चर्चबाहेरच्या झाडाखाली दोघांचं बोलणं सुरू झालं. मिलच्या खुणा पुरेनात तेव्हा तिने आपल्या दिल्या. एका हरवलेल्या मेंढरासाठी नव्याण्णव मागे सोडणाऱ्या मेंढपाळाची बायबलमधली गोष्ट त्याने सांगितली, तर शेळ्या राखलेली ती पोर भडकलीच. बाकीची नव्याण्णव कोणाच्या भरवशावर सोडली? बिरजूला हसू आवरेना. त्या दिवशी सगळे गेले तरी तो तिथेच होता.

आता रंजीताने लगेच मान हलवली नाही. तिने गळ्यात हार घातल्यासारखं केलं. मग आपलाच हात मानेमागे नेऊन डोकं खाली दाबलं. काठावरच्या लोकांवरून बोट फिरवून जेवणाची खूण केली. शेवटी पाण्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

बिरजूला सगळं कळलं. काठावर गिरजाबाई सुनेसाठी कोरडी साडी घेऊन उभी होती, बाजूला मिथुन. विधीनंतरच्या जेवणासाठी चुलीवरच्या गंजात भात शिजून तयार होता. त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

"काय म्हणते?" पास्टरांनी विचारलं.

बहिऱ्या माणसाचा निघतो तसा बिरजूचा आवाज मोठाच निघाला. "लग्नात माही मान दुसऱ्यानं वाकवली म्हणते. मले कोणी विचारलं नाई, सारे जेवून गेले. इथीबी तसंच हाय काय, असं विचारते."

मिथुनने मान खाली घातली. पास्टर बिरजूकडे वळले.

"तिले सांगा, इथी तसं नाई. तिनं हो म्हटल्याबिगर काईच होत नाई."

बिरजूने सांगितलं. रंजीता त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तळवा उभा धरला आणि बोट हळूच पुढे नेलं.

"आज नाई म्हणते," बिरजू म्हणाला. "मागून. तिले अजून लई विचाराचं हाय."

"मंग थांबू," पास्टर म्हणाले. पाण्यातून बाहेर येताना ते बिरजूसमोर येऊन थांबले. "भाऊ, तुमी नसते तर मी या पोरीले बुडवून मोकळा झालो असतो."

बिरजूने ओठ नीट वाचले होते. तरी म्हणाला, "काय म्हटलं?"

पास्टरांनी पुन्हा सांगितलं.

जेवणं सुरू झाली. गिरजाबाई ताठ चेहऱ्याने आपल्याकडेच येताना पाहून बिरजू ताटावरून उठला. लोकांसमोर तिच्या घरातलं उघडं केलं होतं. ती बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं त्याने ठरवलं. ताट बाजूला करायला तो वळला, तेवढ्यात ती मागून काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही, तशी ती वळसा घालून समोर आली.

"भाऊ, 'घाई नाई' कसं दाखवाचं?"

त्याने दाखवलं. तिने दोनदा करून पाहिलं, दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. मग पदराला हात पुसत ती सुनेकडे निघाली.